ज्ञानाच्या चलनाची पारख
१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीतील आज्ञांची माहिती जगभरचे स्वयंसेवक लिहितात. परंतु लिहिणारे पुष्कळ आणि तपासणारे थोडे, हे या स्तुत्य उपक्रमाचे दुखणे आहे. ‘किलऑल’ ही आज्ञा लिनक्सवर नाव दिलेलाच कार्यक्रम थांबविते. सोलारिसवर मात्र ती चालू असलेली जवळजवळ सर्वच कामे बंद पाडते. हा भेद नोंदीतून गळाला, तर यंत्रचालकाच्या हातून अख्ख्या कार्यालयाचा कारभार क्षणात ठप्प होईल.

नाशिकरोडच्या मुद्रणालयातील नोट तपासणीवाचून बाहेर पडत नाही. ज्ञानाच्या चलनालाही हाच दंडक हवा. पडताळणीचा लाभ सर्वांना आणि भार मोजक्यांना, ही विषमता आहे. महाविद्यालयांनी आज्ञा प्रत्यक्ष चालवून पाहण्याचे काम अभ्यासक्रमात घेतल्यास तो भार वाटला जाईल.