ट्रक भरण्याचे गणित आणि हमालाची पाठ

कोणता माल कोणत्या ट्रकमध्ये कोणत्या क्रमाने रचावा आणि तो ट्रक केव्हा सोडावा, हे मोठ्या गोदामांतून आता मुकादमाऐवजी संगणकातील अल्गोरिदम ठरवितो. हा निर्णय शास्त्रीय आहे, म्हणून निःपक्षपाती आहे, असे मालकवर्ग सांगतो. हा दावा तपासून पाहिला पाहिजे.

या शास्त्राचा उगम खासगी नफ्याच्या शोधात झालेला नाही. प्लायवूड उद्योगातील यंत्रांना कामाची वाटणी कशी करावी, या प्रश्नातून १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या कांतोरोविच यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगचा पाया घातला. दुसऱ्या महायुद्धात कूपमन्स यांनी दोस्त राष्ट्रांच्या मालवाहू जहाजांच्या फेऱ्यांचे गणित मांडले. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. रिकाम्या फेऱ्या टळाव्यात, इंधन वाचावे, यात गैर काहीच नाही. साधनांची उधळपट्टी रोखणे हे समाजवादाचेही उद्दिष्ट आहे.

परंतु अशा प्रत्येक गणिताला दोन अंगे असतात : उद्दिष्ट आणि मर्यादा. 'किमान खर्च' हे उद्दिष्ट निसर्गाने दिलेले नसते. ते कोणीतरी लिहिलेले असते. ट्रकची भारक्षमता मर्यादा म्हणून न चुकता लिहिली जाते. हमालाची पाठ आणि चालकाची झोप लिहिली जातेच असे नाही. आणि जे लिहिले जात नाही, ते गणिताच्या लेखी अस्तित्वातच नसते.

शिवाय मोठ्या प्रमाणावरील माल रचण्याच्या प्रश्नाचे सर्वोत्तम उत्तर हमखास व झटपट देणारी रीत अद्याप कोणालाही सापडलेली नाही. 'मोठे खोके आधी' यांसारख्या कामचलाऊ नियमांवरच भागविले जाते. तेव्हा 'यंत्राचे उत्तर एकमेव आहे' हे म्हणणे खोटे आहे. जवळपास सारख्याच खर्चाच्या अनेक उत्तरांतून श्रमिकाला सुसह्य असे उत्तर निवडता येते.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचविली. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. श्रमालाही मर्यादा असते, हे अशा रीतीने मान्य झाले. आता कामाचे तास, ओझे आणि विश्रांती या अल्गोरिदममध्ये अनुल्लंघनीय मर्यादा म्हणून घातल्या जाव्यात आणि त्यातील उद्दिष्टे व मर्यादा कामगार संघटनांना पाहण्यास खुल्या असाव्यात, ही मागणी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात अग्रक्रमाने घेतली पाहिजे. विरोध यंत्राला नाही. यंत्राला आज्ञा देण्याच्या मक्तेदारीला आहे.