आपला आडत्या आपले काम चोख करतो काय?

द्राक्ष असो वा कांदा, माल पिकविण्याची विद्या नाशिक जिल्ह्यातील बागाईतदारास नव्याने शिकविण्याचे कारण नाही. परंतु तोच माल विकण्याचे काम ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्या आडत्याच्या अथवा निर्यातदाराच्या कामाची परीक्षा तो क्वचितच करतो. गड्याचे काम आपण बांधावर उभे राहून पाहतो. आडत्याचे काम दूरच्या पेठेत चालते, आणि पट्टी हीच काय ती त्याची साक्ष. ती साक्ष नीट कशी वाचावी, याविषयी चार शब्द लिहिणे अवश्य वाटते.

पहिली गोष्ट ही की, पट्टीच्या माथ्यावरील भाव हे आडत्याच्या कामाचे माप नव्हे. समजा, एका आडत्याने क्विंटलभर द्राक्षे किलोस 80 रुपये भावाने विकली. पण 8 किलो तूट धरली आणि भाडे, हमाली व किरकोळ खर्च मिळून 900 रुपये कापले. हाती आले 6,460 रुपये. दुसऱ्याने भाव 74 च काढला. पण तूट 2 किलो व खर्च 600 रुपये. त्याचे हाती आले 6,652. गावात नाव होते ते 80 वाल्याचे! सबब प्रत्येक पट्टीवरून घरी पडलेली निव्वळ रक्कम काढून वहीत टिपावी. ‘किरकोळ’ या सदराखाली काय काय दडले आहे, तेही विचारावे.

दुसरी गोष्ट तुलनेची. बाजारच उतरला असता आडत्यास दोष देणे अन्याय होय. लासलगावसारख्या बाजार समित्या रोजचा किमान, कमाल व सर्वसाधारण भाव जाहीर करतात. आपला निवडक माल त्याच पेठेत, त्याच दिवशी, सर्वसाधारण भावाच्याही खाली एकदा गेला तर तो योगायोग समजावा. लागोपाठ तीन-चार पट्ट्यांत तेच दिसले, तर कारण मालात नसून विकणाऱ्यात आहे असा संशय घेण्यास जागा आहे.

तिसरी गोष्ट बातमीची. चांगला प्रतिनिधी वाईट बातमी आधी कळवितो, वाईट प्रतिनिधी ती पट्टीत लिहून पाठवितो. 2010 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला, माल अडकला आणि त्याची झळ उत्पादकांस बसली. ते द्रव्य त्या वेळी आपल्याकडील तपासणीच्या यादीतच नव्हते. म्हणून सारा दोष एकट्या निर्यातदाराच्या माथी मारता येणार नाही. तथापि ग्राहक देशाचे नियम आधी जाणून बागाईतदारास सावध करणे, हे ज्याच्या हाती निर्यात सोपविली त्याचे काम नव्हे तर कोणाचे?

पैशाच्या बाबतीत तर अधिकच जपले पाहिजे. पहिल्या गाड्यांचे पैसे वेळेवर, पुढच्यांचे अर्धे, आणि हंगाम सरताना नुसता वायदा, ही चाल दिसताच माल थांबवावा. शिवारात तोंडी सौदा करून पसार झालेल्या व्यापाऱ्यांकडून शेतकऱ्यांचे पैसे वसूल करण्यासाठी 2020 साली नाशिक परिक्षेत्रात पोलिसांस मोहीम हाती घ्यावी लागली, हे विसरू नये. सौदा लेखी असावा. भाव, तूट आणि पैसे देण्याची तारीख त्यात नमूद असावी.

हे सारे आमच्या बंधूंस ठाऊक नाही असे नव्हे. खरी अडचण उचलीची आहे. ज्याच्याकडून हंगामाआधी उचल घेतली, त्यास हिशेब विचारताना जीभ अडखळते. म्हणून शक्य तितके कर्ज एका दारी आणि विक्री दुसऱ्या दारी ठेवावी. 2016 साली राज्य सरकारने फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. आपला भार हलका झाला हे खरे. परंतु ज्याची मजुरी दुसरा देतो, तो आपल्यासाठी किती झटेल, हेही आता पाहणे प्राप्त आहे.

एकट्याने विचारलेला जाब हवेत विरतो. 1991 साली द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी निर्यातीसाठी महाग्रेप्स ही भागीदारी उभारली, ती एकट्यादुकट्याच्या आवाक्यात नसलेले काम एकजुटीने साधावे म्हणूनच. आमची सूचना याहून पुष्कळ लहान आहे. ऑक्टोबर छाटणीपूर्वी गावोगावच्या सभासदांनी गेल्या हंगामाच्या पट्ट्या एकत्र बसून ताडून पाहाव्यात. ज्याचा हिशेब चोख, त्याला पुढील हंगामाचा माल खुशाल द्यावा. ज्याचा नाही, त्यास एकदा लेखी विचारावे, आणि समाधानकारक उत्तर न आल्यास भिडेस न पडता नवा माणूस पाहावा. बागेत रोगट फांदी ओळखताच आपण ती ठेवीत नाही. मग विक्रीतच ही दयाबुद्धी कशासाठी?