चढण, उतरण आणि विसावा

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र वाचकांच्या परिचयाचे आहे. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींची ही निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखनापूर्वक देह ठेवला तोही येथेच. येथील टेकडी फार उंच नाही. तरुण मुले बोलता बोलता वर पोचतात. परंतु वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस दुकानातील गादीवर बसून काढलेल्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना तीच टेकडी निराळा अनुभव देते.

अनेक घरांत थोड्याफार फरकाने दिसणारे चित्र असे असते. सहकुटुंब यात्रा ठरते. आजोबा नातवाच्या बरोबरीने चढतात. दम लागतो, पण ते कोणाला जाणवू देत नाहीत. दर्शन होते, मन प्रसन्न होते आणि त्या उत्साहात ते भराभर उतरतातही. त्या रात्री झोप उत्तम लागते. दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र पलंगावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. मग घरात दोन पक्ष पडतात. मुलगा म्हणतो, "अण्णा, आता पुरे झाले. पुढच्या वर्षी तुम्ही पायथ्याशीच हात जोडा." अण्णा म्हणतात, "सवय मोडली म्हणून दुखले. उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालतो, बघ." दोघांचाही हेतू चांगला आहे, दोघांचाही हिशेब मात्र चुकलेला आहे.

हा हिशेब समजून घेणे व्यापारी कुटुंबांना अवघड नाही. श्रम करताना शरीर बळकट होत नाही. श्रमाच्या वेळी स्नायूंची सूक्ष्म झीज होते, साठवलेली शक्ती खर्च होते. शरीर ही झीज नंतर, विश्रांतीत आणि झोपेत भरून काढते आणि पूर्वीपेक्षा थोडी अधिक भर घालते. म्हणजे व्यायाम ही गुंतवणूक होय, आणि तिचा परतावा विश्रांतीच्या काळात मिळतो. ऐन पंचविशीत हा परतावा बहुधा एका रात्रीत हाती येतो. साठीनंतर त्यालाच दोन-तीन दिवस लागू शकतात. परतावा येण्यापूर्वीच पुन्हा तितकीच रक्कम गुंतवली, तर भांडवल घटते. गुंतवणूकच थांबवली, तरीही भांडवल घटते. वयानुसार बदलतो तो वसुलीचा काळ. व्यवहार बंद करण्याचे कारण त्यात नाही.

व्यवहार बंद केल्याने काय होते, याचा पुरावा उपलब्ध आहे. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे प्रमाण साधारणपणे तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले गेले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी जवळजवळ एक किलोने उतरले. म्हणून 'वय झाले, आता स्वस्थ बसा' हा सल्ला प्रेमाचा असला तरी महागात पडणारा आहे. मांड्यांतील बळ गेले की प्रथम जमिनीवर बसणे सुटते, मग जिना सुटतो, मग एकट्याने मंदिरात जाणे सुटते. पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्यामागोमाग येतो.

तिसऱ्या दिवशीचे ते दुखणे कोठून आले, हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेकांना वाटते, चढण अवघड आणि उतरण सोपी. हृदय आणि फुप्फुसे यांच्यापुरते ते खरे आहे. चढताना दम लागतो, उतरताना लागत नाही. स्नायूंचा अनुभव मात्र उलटा असतो. उतरताना मांडीचा स्नायू शरीराचा भार सावरीत सावरीत लांबतो. जणू घसरणाऱ्या गाडीला सतत ब्रेक लावीत असतो. भार घेत लांबण्याच्या या क्रियेत स्नायूंची झीज सर्वांत जास्त होते, आणि तिचे दुखणे एक ते तीन दिवसांनी वर येते. तुळजापूरला भवानीमातेच्या मंदिरात आधी पायऱ्या उतराव्या लागतात आणि परतताना चढाव्या लागतात. तेथेही नियम हाच. चढण दम काढते, उतरण दुखणे देते. म्हणून उतरताना घाई करू नये, कठड्याचा किंवा काठीचा आधार घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते एवढ्यावरून हिशेब मिटला असे समजू नये.

श्रम आणि विसावा यांची सांगड काही केवळ वृद्धांसाठी नाही. धाराशिवचे नाव देशभर नेणाऱ्या खो-खोकडेच पाहावे. याच मातीतील सारिका काळे यांनी २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळाच्या पारंपरिक नियमांत मोठ्यांच्या सामन्यात नऊ मिनिटांची पाळी झाली की पाच मिनिटांची विश्रांती असते आणि डाव संपल्यावर नऊ मिनिटांची. बचाव करणारे खेळाडूही तिघातिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. बाकीचे तोवर बाहेर थांबलेले असतात. विशीतील चपळ खेळाडूंसाठी ज्या खेळाने विसावा नियमात बसवला, त्या खेळाच्या गावातील ज्येष्ठांनी विसाव्याला कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आपल्या मुनिसंघांच्या दिनक्रमातही अशी लय दिसते. वर्षाचे आठ महिने विहार आणि चार महिने एका ठिकाणी वास. चातुर्मासाचा हेतू शरीराला आराम देणे हा नाही. पावसाळ्यात उपजणाऱ्या जीवांची हिंसा टळावी, हा आहे. तरीही अविरत चालणे आणि स्थिर राहणे या दोन्हींना वर्षात ठरलेली जागा आहे, एवढे गृहस्थाने त्यातून घेण्यासारखे आहे.

पुण्यातील बी. के. एस. अय्यंगार यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९१८ साली जन्मलेल्या या योगाचार्यांचे २०१४ साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निधन झाले. तरुणपणी त्यांची आसने पाहणाऱ्याला थक्क करीत. पुढे वयाबरोबर त्यांचा सराव थांबला नाही, पण त्याचे रूप पालटले. दोर, लाकडी ठोकळे, खुर्ची, लोड यांच्या आधाराने तेच आसन कमी ताणात अधिक वेळ टिकवता येते, हे त्यांनी दाखवले आणि असंख्य वृद्धांना व रुग्णांना योगाचा मार्ग मोकळा करून दिला. आधार घेणे म्हणजे हार मानणे नव्हे, हे त्यांच्या दीर्घ आयुष्यातून शिकावे.

आता प्रत्यक्ष आखणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत. मध्यम श्रम ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा श्रम.

दुकान सांभाळणाऱ्या ज्येष्ठाला हे बसवायचे तर आठवड्याचे तीन भाग करावेत. पाच दिवस सकाळी अर्धा तास चालणे. त्यांपैकी एक-दोन दिवस थोडे झपाझप, बाकीचे दिवस रमतगमत. सोमवार आणि गुरुवार असे मध्ये अंतर असलेले दोन दिवस बळाचे: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, जिन्याच्या पायरीवर चढउतार. एकाच स्नायूंना पुन्हा भार देण्यापूर्वी किमान अठ्ठेचाळीस तास जाऊ द्यावेत. तोलाचा व्यायाम तर दुकानातच होतो. काउंटरला हात लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. उरलेला एक तरी दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. सोयाबीनच्या हंगामात आडतीवर किंवा दिवाळीत कापड दुकानात दिवसभर उभे राहणे झाले असेल, तर तोही श्रमच. त्या दिवशी वेगळ्या व्यायामाचा हट्ट नको.

स्वतःची पत तपासण्याची एक सोपी कसोटीही आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर घडी घालून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. शेजारी कोणीतरी उभे असावे. पासष्ट ते एकोणसत्तर या वयात पुरुषांना बारापेक्षा आणि स्त्रियांना अकरापेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक आहे असे मानतात. आकडा कमी आला तर घाबरू नये. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. नियमित सरावाने हा आकडा सत्तरीतही वाढतो.

व्रतांच्या दिवसांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात अनेक घरांत उपवास, एकाशन चालू असते. ज्या दिवशी आहार नाही किंवा पाणीही मर्यादित आहे, त्या दिवशी झपाझप चालणे आणि बळाचे व्यायाम वर्ज्य समजावेत. मंदिरापर्यंतचे सावकाश चालणे पुरे. पारण्यानंतरही एक-दोन दिवस हलकेच असावेत. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी उपवास आणि व्यायाम या दोन्हींची कल्पना डॉक्टरांना आधी द्यावी. धाराशिवचा उन्हाळाही विसरून चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा चालणे उन्हे वर येण्यापूर्वीच उरकावे.

विश्रांतीला अन्नाची जोड नसेल तर झीज भरून निघत नाही. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने असावीत, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांचाच शब्द प्रमाण. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला म्हणजे साधारण साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. शाकाहारात हे अशक्य नाही, पण नुसत्या भाकरी-भाजीवर ते भागत नाही. मूग, मटकी, हरभरा, तूर, शेंगदाणे, दूध, दही, ताक यांची योजना तिन्ही वेळच्या खाण्यात करावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांच्या रात्रीचा खंड मोठा असतो. म्हणून सकाळच्या न्याहारीत डाळीचे धिरडे किंवा उसळ असणे अधिक हिताचे.

थांबावे केव्हा, हे शेवटी शरीरच सांगते. स्नायूंचे बोथट दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते; ते चालेल. सांध्यातील टोचणारी वेदना, सूज, नेहमीपेक्षा वाढलेली सकाळची नाडी, उडालेली झोप ही जादा उचल झाल्याची लक्षणे. एक-दोन दिवस विसावा घ्यावा. छातीत दाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, अकारण घाम यांपैकी काहीही झाले तर त्याच पावली थांबावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. 'जरा बसलो की बरे वाटेल' म्हणून घरच्यांपासून लपवलेली कळ अनेकांना भोवली आहे.

कुंथलगिरीच्या त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षी काय करावे? पायथ्याशी हात जोडून थांबण्याची गरज नाही आणि उद्यापासून पाच किलोमीटरचीही नाही. यात्रेच्या तीन महिने आधी घरच्या जिन्यावरून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग तीन, मग चार, आणि प्रत्येक वेळी उतरताना चढण्यापेक्षा सावकाश. यात्रेच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे तीन दिवस मोकळे ठेवावेत. चढताना मध्येच पायरीवर बसावे, घोटभर पाणी घ्यावे, खालचा मुलूख पाहावा. मुलानेही वडिलांना 'येऊ नका' म्हणण्याऐवजी त्यांच्या चालीने चालावे. टेकडी कोठे जात नाही. दोन विसाव्यांनी पोचायला वीस मिनिटे जास्त लागली, तर तेवढी वीस मिनिटे बापलेकांना एकत्र मिळाली, असे जमेच्या बाजूला लिहावे.