‘जालो’ आणि ‘देली’ची कैफियत

यंदाच्या गणेशोत्सवात, आरती आणि महाप्रसाद यांच्या मधल्या वेळेत, आठ वर्षांचा एक मुलगा आपल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावर उभा राहिला आणि उन्हाळी सुट्टीतल्या आजोळच्या मुक्कामाची हकिकत सांगताना मोठ्या उमेदीने म्हणाला, “आम्ही गिरगाव चौपाटीला जालो आणि आजीने मला कुल्फी देली.” सभागृह हसले, पुढच्या रांगेतील वडीलधारी मंडळी तर डोळे पुसून हसली. मुलगा भाषण अर्धे टाकून खाली उतरला, आणि समारोपाच्या गाण्याला सर्व मुलांना बोलावले तेव्हाही तो आईचा पदर सोडून वर गेला नाही. त्या हसणाऱ्यांत मीही होते, हे येथेच नमूद करते.

परतताना गाडीत माझी अकरा वर्षांची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, ‘वेन्ट’ आम्हाला शाळेत शिकवलं. ‘गेला’ कुणी शिकवलंच नाही, नुसते हसता.”

हा आरोप मला खोडता आला नाही. आम्ही गिरगावातल्या मराठी शाळेत पाचवीला इंग्रजीचे पहिले अक्षर गिरवले आणि तेव्हापासून ‘गो, वेन्ट, गॉन’ हा मंत्र चाळीच्या गॅलरीत येरझारा घालत, पावकी-निमकीच्याच चालीवर घोकला. वडील रात्री तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उघडून बसवीत आणि एकाच वाक्याला वर्तमान, भूत आणि भविष्य अशा तिन्ही काळांची हजेरी लावायला लावीत. लालबागचे माझे मामा गिरणीतली पहिली पाळी संपवून परळच्या रात्रशाळेत जात. तेथे एकदा त्यांनी ‘गो’चा भूतकाळ ‘गोड’ असा सांगितला, तेव्हा मास्तरांनी वर्गाला हसू दिले नाही. नियम याला समजला आहे, फक्त अपवाद सांगायचा राहिला आहे, असे म्हणून त्यांनी तिन्ही रूपे फळ्यावर लिहिली. मामा ही गोष्ट म्हातारपणीही कृतज्ञतेने सांगत असत.

आणि तो अपवाद तरी कोठला? ‘वेन्ट’ हे ‘गो’चे मूळ अपत्यच नव्हे, ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचे ते भूतकाळी रूप, ‘सेन्ड’चे ‘सेन्ट’ व्हावे तसे झालेले, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ते ‘गो’च्या घरी कायमचे दत्तक आले. आपल्याकडेही नेमका हाच प्रकार आहे. ‘जा’ हा संस्कृत ‘या’ धातूचा वारस, तर ‘गेला’ हा ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपाचा. दोन निराळ्या कुळांतली रूपे एका क्रियापदाच्या संसारात नांदत आहेत, आणि रोजच्या बोलण्यात त्यांचा राबता इतका की, नियमाच्या रेट्यानेही ती जागची हलली नाहीत. मग न्हाणाऱ्याचा ‘न्हालो’ होतो म्हणून जाणाऱ्याचा ‘जालो’ करणारे, ‘नेली’ ऐकून ‘देली’ म्हणणारे ते मूल चुकले असले तरी त्याने अडाणीपणा केला असे मी म्हणणार नाही; त्याने भाषेचा कायदा पाळला आणि पोटकलम कोणी वाचून न दाखवल्यामुळे ते फसले. (‘जाला’ हे रूप जुन्या मराठीत ‘झाला’ या अर्थाने सर्रास आढळते, हेही येथे सांगून ठेवते.)

माझी खरी तक्रार मात्र त्या मुलाच्या, किंबहुना माझ्याही, घराविषयी आहे. आमच्या स्वयंपाकघरात मी मुलीला काय ऐकवते? कांदा ‘कट केला’, दार ‘ओपन केलं’, कपडे ‘वॉश केले’, गृहपाठ ‘फिनिश केला’. माझ्या आईच्या घरी कांदा चिरला जाई, दार उघडले जाई, कपडे धुतले जात, केस विंचरले जात, शेंगा सोलल्या जात आणि तांदूळ निवडले जात. एका ‘केलं’ने ही सगळी क्रियापदे गिळली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे भूतकाळही गेले. ज्या मुलीच्या कानावर ‘धुतले’ हा शब्द महिन्यातून एकदाही पडत नाही, तिने ‘धुले’ म्हटले तर दोष कोणाचा? ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा वाचला’ पण ‘मी धडा शिकलो’, ही सूक्ष्म वाट तर केवळ कानानेच सापडते. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालापासून उपलब्ध आहे, पण मूल काही ते चाळून बोलायला लागत नाही.

माझा सूर उपदेशाचा झाला आहे, याची मला जाणीव आहे. दोन-दोन नोकऱ्या सांभाळून रविवारी मुलांना मंडळाच्या मराठी वर्गाला आणणाऱ्या आईबापांना, आणि विनावेतन शिकवणाऱ्या भगिनींना, मी काही सुनावावे असा माझा अधिकार नाही. कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा मागते.

तरी एक अर्ज आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली आपले ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट उसनी घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपणही ‘गो, वेन्ट, गॉन’चा तक्ता उसना घ्यावा. जाणे, येणे, होणे, करणे, मरणे, देणे, घेणे, खाणे, पिणे, धुणे, सांगणे, मागणे अशी बारा क्रियापदे मी एका मोठ्या कागदावर तिन्ही काळांत लिहून ठेवली आहेत; रविवारच्या वर्गात श्लोकांनंतर पंधरा मिनिटे मिळाली तर पुरेत. त्या मुलाच्या आईला मी दूरध्वनी केला होता. तो येईन म्हणाला आहे. मात्र हसणार नाही असे मी आधी कबूल करावे, अशी त्याची अट आहे, आणि ती मी मान्य केली आहे.