चिन्ह का बदलते?

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे सातवी-आठवीतल्या मुली घडाघडा म्हणतात. का बदलते, हे मात्र विचारायचे नसते. ‘का’ न विचारता ऐकायचे, हे मुली घरी शिकतातच. गणिताच्या तासालाही तेच शिकवायचे?

नागापूर औद्योगिक वसाहतीला खेटून आहे. तिथल्या मुलीला जवळचे वाटेल असे उदाहरण घेऊ. समजा, आईने घरी १२ डझन नग शिवले. ठेकेदाराने दोऱ्याचे ३० रुपये कापले, हातात १५० आले. डझनाला दर काय पडला? दर क्ष मानू : १२क्ष − ३० = १५०. समीकरण म्हणजे तराजू. कापलेले ३० दोन्ही पारड्यांत टाका : १२क्ष = १८०. दोन्हीकडे १२ने भागा : क्ष = १५. उणे ३० उडी मारून पलीकडे अधिक झाले नाहीत. आपण दोन्हीकडे सारखेच मिळवले. हे उमजलेली मुलगी उद्या ठेकेदारालाही हिशेब विचारील.

सावित्रीबाई फुले यांनी याच नगरमध्ये मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. तो वारसा ३ जानेवारीच्या हारापुरता नको. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. तिथे आपण खिचडी, गणवेशावर बोलतो. मैत्रिणींनो, आता मुलींच्या वह्याही उघडू या. उत्तर बरोबर आले तरी विचारू या, ‘बाई, हे असे का केलेस?’ तिला सांगता आले, तरच ते गणित तिचे झाले.