जामीन मंजूर, सुटका मात्र जामीनदारावाचून अडलेली

नवी दिल्ली : न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी घरी परतला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो आदेश हा सुटकेचा केवळ पूर्वार्ध असतो. उत्तरार्ध जामीनदाराच्या कागदपत्रांच्या पडताळणीत घडतो आणि गरीब आरोपीची वाट अनेकदा तेथेच अडते.

अटकेनंतर २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा जामीनपात्र असल्यास जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. अजामीनपात्र गुन्ह्यात निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोपवलेला असतो. जामीन देताना ठरवली जाणारी रक्कम हा दंड नव्हे आणि ती सहसा आगाऊ भरावीही लागत नाही. आरोपी सुनावणीस हजर न राहिल्यास तेवढी रक्कम भरण्याची ती लेखी हमी असते. आरोपीने एकट्याने लिहून दिलेली हमी म्हणजे जातमुचलका. त्यासाठी दुसरी व्यक्ती उभी राहिल्यास ती जामीनदार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या दोन्ही प्रकारांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत.

जामीनदाराला आपली ऐपत सिद्ध करावी लागते. त्यासाठी सातबारा उतारा, घराची कागदपत्रे, वेतनाचा पुरावा किंवा ऐपतीचा दाखला मागितला जातो. मजुरीसाठी परराज्यात गेलेल्या माणसाकडे यांपैकी काही नसते आणि त्याच्यासाठी हमी देईल अशी स्थानिक ओळखही नसते.

हा प्रश्न नवा नाही. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी १० हजार रुपयांचा जामीनदार मागितला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याची हमी नाकारण्यात आली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तरीही ३१ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे सुमारे ४५ वर्षांनंतर, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटकेच्या विलंबाचे एक कारण असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा नमूद करावे लागले. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे आणि महिनाभरात हमी सादर न झाल्यास न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, असेही तेव्हा सांगण्यात आले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. या सर्वांना जामीन मिळालेला नव्हता. मात्र मिळालेल्यांपैकीही काही जण केवळ हमीअभावी आत राहतात, ही बाब न्यायालयीन आदेशांतून वारंवार पुढे आली आहे.

केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना साहाय्य करणारी योजना आणली. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत तरतूद होती. हेतू स्वागतार्ह असला तरी त्यात एक विसंगती आहे. न्यायालयाने घातलेली अट पूर्ण करण्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे भरायचे आणि त्यासाठी समितीच्या मंजुरीची वाट पाहायची. जातमुचलक्यावरील सुटकेस मात्र एक रुपयाही लागत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात तर अटकेपासून आठवडाभरात जामीन देऊ न शकलेल्या आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद कायद्यातच आहे.

हमीची रक्कम अवाजवी नसावी, असेही कायदा बजावतो. ती कमी करण्याचा अधिकार सत्र व उच्च न्यायालयांना आहे आणि कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे मार्ग आहेत. पण ते वापरण्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो. ज्याच्यासाठी जामीनदार उभा राहिला नाही, त्याच्यासाठी अर्ज घेऊन जाणाराही बहुधा नसतो.

जामिनाच्या अटींचा हेतू आरोपी खटल्यास हजर राहावा एवढाच आहे. त्याचे मोजमाप त्याच्या कुटुंबावरून, कामावरून व वास्तव्यावरून करायचे की नातलगांच्या सातबाऱ्यावरून, हा निर्णय आदेश लिहितानाच होत असतो. तेथे बदल झाला नाही, तर जामिनाचा आदेश हाती असूनही कैदी कोठडीतच राहील.