वर्गप्रतिनिधी कोण निवडणार?

1989 साली 61व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले. पाचच वर्षांनी, 1994च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका थांबल्या. वर्गप्रतिनिधी गुणपत्रिका पाहून नेमायचा. खुल्या निवडणुकांतल्या हाणामाऱ्या अगदी खुनापर्यंत गेल्या होत्या, हे खरे. पण या बंदीमुळे अठराव्या वर्षी खासदार निवडता येतो, वर्गप्रतिनिधी नाही! 2016च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, तरी राज्यभरातल्या निवडणुकांना मुहूर्त काही लागला नाही. कोणत्याच पक्षाचे सरकार त्यासाठी उतावीळ दिसले नाही.

शाळेत तरी काय वेगळे? परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका खड्या आवाजात म्हटली जाते. तास सुरू झाला की वर्गमंत्री बाईच ठरवतात आणि त्याचे काम एकच: बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची. प्रचार करणे, हरणे, हरल्यावर जिंकलेल्याला जाब विचारणे, याचा सराव मुलांना मिळणार कुठे? म्हणूनच सरकारने येत्या शैक्षणिक वर्षाचे महाविद्यालयीन निवडणुकांचे वेळापत्रक आताच जाहीर करावे. दंगा होईल, ही सबब जुनी झाली. खर्चाला मर्यादा घालणे, राजकीय पक्षांना दूर ठेवणे हे उपाय विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने 2006 मध्येच सुचवले आहेत.